चौकातली फणी

आमच्या धंद्यात नव्याने भरती झालेल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात एक तास 'ग्रूमिंग'चं ट्रेनिंग असतं. दाढी एकतर नीट राखा नाहीतर रोज करा, शर्ट इन करा, बुटांना पॉलिश, क्लायंटसमोर जाताना डिओ मारा पण अर्धी बाटली रिकामी करू नका, वगैरे वगैरे. शेवटच्या स्लाइडवर ठरलेलं वाक्य: चांगले दिसा म्हणजे चांगलं वाटेल. पोरं मान डोलावतात, आणि तीन महिन्यांत टी-शर्ट आणि फ्लोटर्सवर येतात :-)

गंमत सोडा, पण त्या वाक्यात तथ्य आहेच. न्हाव्याकडून उठताना मानेवर पावडरचा हात फिरला की आपण जरा ताठ चालतो. इंटरव्ह्यूच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट अंगात चढला की आवाज थोडा खाली आणि ठाम लागतो. तापातून उठल्यावर पहिली आंघोळ झाली, केस विंचरले, की अर्धा आजार तिथेच पळतो. हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा?

तरी शास्त्रज्ञांनी सांगितलंय. २०१२ साली अमेरिकेत हायो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की या दोघांनी एक छान प्रयोग केला. लोकांना पांढरा कोट घालायला दिला आणि लक्ष एकाग्र करायची कामं दिली. काहींना सांगितलं की हा डॉक्टरचा कोट आहे, आणि काहींना तोच कोट 'चित्रकाराचा' म्हणून दिला. डॉक्टरचा कोट समजून घालणाऱ्यांचं लक्ष जास्त लागलं, चित्रकाराचा समजून घालणाऱ्यांचं नाही. म्हणजे काम कापडाने केलं नाही, कापडाला चिकटलेल्या अर्थाने केलं. (पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी यातला पहिला प्रयोग मोठ्या गटावर परत केला, तेव्हा तो परिणाम काही दिसला नाही. तेव्हा लगेच पांढरा कोट शिवायला टाकू नका.)

पण अर्थाचा मुद्दा माझ्या डोक्यात अडकून बसला. कापडाला अर्थ देतो कोण? आपण स्वतः, की बघणारा? आणि दोघांचं जमलं नाही तर? असल्या प्रश्नांसाठी प्रयोगशाळा फार लहान पडते मंडळी, तिथे इतिहासच लागतो. आणि तो इतिहास मला सापडला मुंबईपासून दोन-तीन तासांवर, गंजाडला.

गंजाड हे डहाणू तालुक्यातलं गाव. डहाणू रोड स्टेशनवर उतरायचं (२०१३ पासून तिथवर लोकल जाते, त्यामुळे आता सबब नाही), आणि चारोटी नाक्याकडे जाणारी गाडी धरायची. वाटेत आशागड लागतं, मग गंजाड. भातखाचरं, ताडाची झाडं, पाड्यापाड्यांनी विखुरलेली वस्ती. याच गावातल्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा मशे राहायचे. वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभर नेणारा माणूस. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या गाजलेल्या प्रदर्शनात चित्रं, २०११ साली पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

आता तुम्ही म्हणाल, ग्रूमिंगवरून वारली चित्रांवर कसा काय आला हा? थांबा जरा.

वारली चित्रातला माणूस आठवा. टोकाला टोक लावून दोन त्रिकोण, वर गोल डोकं, काड्यांचे हातपाय. चेहरा नाही, म्हणजे डोळे नाहीत, नाक नाही, हसणं-रडणं काहीच नाही. कपडे असतील तर ते दिसतही नाहीत. मग बाई कोण आणि पुरुष कोण हे कसं कळतं? डोक्यामागच्या त्या लहानशा गोळ्यावरून, म्हणजे अंबाड्यावरून. ज्या चित्रकलेने माणसाचा चेहरासुद्धा गाळला, तिने केसांची बांधणी मात्र ठेवली!

आणि दुसरी गोष्ट. ही चित्रं मुळात 'कला' म्हणून काढली जात नसत. लग्नघरात सवाशिणी भिंतीवर चौक लिहीत. भिंत शेणाने सारवायची, गेरूने लाल करायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ करायचं आणि चौक लिहायचा. मधोमध पालघाट देवी, भोवती नक्षीच्या चौकटी. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागायचं नाही. या चौकात सूर्य असतो, चंद्र असतो, शिडी असते... आणि फणी असते. होय, केस विंचरायची फणी. सूर्य-चंद्राच्या पंक्तीला फणी बसलेली बघून मला फार आनंद झाला. सूर्य, चंद्र, फणी. माणसाच्या सुखाला एवढं पुरेसं असावं.

याचा सरळ अर्थ मी असा लावतो: नीटनेटकं दिसणं, सजणं, केस विंचरून अंबाडा घालणं ही काही शहरातल्या सुखवस्तू माणसांची चैन नाही. ज्यांच्या घरात सामान म्हणून चार मडकी आणि एक कणगी, त्यांच्याही देवाच्या चौकटीत फणीला जागा आहे. मण्यांच्या माळा, काशा-पितळेच्या बांगड्या, अंगावरचं गोंदण. गोंदणाचं तर मला विशेष कौतुक. सावकाराला गहाण टाकता येत नाही असा तो एकमेव दागिना.

सावकार हा शब्द उगाच आलेला नाही. इथूनच गोष्ट काळी होत जाते.

डहाणू आणि त्यावेळचा उंबरगाव तालुका (आजचा तलासरी हा त्याचाच महाराष्ट्रात राहिलेला भाग, बाकीचा १९६० मध्ये गुजरातेत गेला) इथली जमीन एकेकाळी वारल्यांची होती. एकोणिसाव्या शतकात जमीन महसूल रोखीत भरायची पद्धत आली, जंगलं सरकारजमा झाली, आणि कर्जापोटी जमिनी हळूहळू जमीनदार-सावकारांकडे गेल्या. वारली आपल्याच जमिनीवर कूळ झाला. कूळ झाला म्हणून वेठ आली. वेठ म्हणजे जमीनदार बोलावेल तेव्हा जायचं, सांगेल ते काम करायचं, मोबदला मागायचा नाही. डी. सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने १९३९ मध्ये मुंबई सरकारला आदिवासी भागांबद्दल अहवाल दिला. अधिकारी ब्रिटिश सरकारचा, तरी त्याने जमीनदारांची मारहाण, वेठ आणि बायकांवरची जबरदस्ती स्पष्ट लिहून ठेवली.

यातला सर्वात भयंकर प्रकार म्हणजे 'लग्नगडी'. शब्द कानाला किती गोड वाटतो! प्रकार असा: तरुण वारल्याचं लग्न ठरलं की पैसा लागायचा. नवऱ्या मुलीला लुगडं, नवऱ्याला नवं वस्त्र, हळद, बाशिंग, पाहुण्यांना जेवण आणि ताडी. घरात पैसा नाही. मग जमीनदाराकडून कर्ज. आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं, बायकोनेसुद्धा. हिशोब जमीनदाराच्या वहीत, वाचता येणारा एकटा जमीनदार. कर्ज फिटायचं कसं? माणूस जन्मभर बांधला जायचा.

जरा विचार करा. आयुष्यात एकच दिवस असा की अंगाला हळद लागली, अंगावर कोरं कापड आलं, डोक्याला बाशिंग बांधलं, घराच्या भिंतीवरसुद्धा गेरूचा रंग चढला. सगळा पाडा तुमच्याकडे बघतोय. एक दिवस तुम्ही राजा. आणि त्या एका दिवसाची किंमत म्हणून उरलेलं सगळं आयुष्य. 'चांगलं दिसा, चांगलं वाटेल' या वाक्याचा इतका महाग हिशोब मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

(या सगळ्यावर कोणी म्हणेल, मग कशाला करायचं एवढं लग्न? बऱ्याच जोडप्यांनी तेच केलं, लग्नाशिवाय एकत्र राहिले. या भागात आजही सामुदायिक विवाह होतात तेव्हा पोरंबाळं असलेली जोडपी बाशिंग बांधून उभी असतात. वर्षानुवर्षांचा संसार झाल्यावरही त्यांना तो एक दिवस हवाच असतो. सजण्याची भूक म्हणजे काय ते तिथे कळतं.)

तर १९४५ साल उजाडलं. जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्राच्या किसान सभेचं अधिवेशन भरलं. उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली तिथे पोचले. नंतर गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्या पाड्यांवर गेले. गोदावरीबाई म्हणजे पुण्यात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. पुढे वारली त्यांना 'गोदाराणी' म्हणायला लागले. त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. वाचलं नसेल तर एखादा वीकांत काढून जरूर वाचा.

२३ मे १९४५ रोजी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली. पाच हजारांच्या वर माणसं आली. ठरलं काय? वेठ करायची नाही. रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर जायचं नाही. जमीनदाराने मारलं तर मार खाऊन घ्यायचा नाही. एकजूट सोडायची नाही. बास. पुढच्या काही आठवड्यांत माणसं घोळक्याने गावोगाव फिरली आणि लग्नगड्यांना सांगत सुटली की तुम्ही मोकळे आहात. कायदा, कोर्ट, हुकूम काही नाही. 'मोकळे आहात' म्हणून सांगितलं, आणि माणसं जमीनदाराच्या दारातून उठून घरी गेली.

आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्या दिवशी झरीला जमलेल्या माणसांच्या अंगावर काय होतं? पुरुषांच्या कमरेला लंगोटी, बायकांचं गुडघ्याच्या वर आखूड नेसलेलं लुगडं. शिवाय महायुद्धाचे दिवस, कापडावर १९४३ पासून कंट्रोल, पैसेवाल्यांनासुद्धा कापड मिळायची मारामार. म्हणजे दिसण्याच्या बाजूने बघितलं तर २२ मे आणि २४ मे यांच्यात काडीचाही फरक नाही. लंगोटी तीच, फणी तीच. आणि तरी माणूस बदलला! ज्याच्यासमोर मान खाली घालायची त्याच्यासमोर उभं राहून 'नाही' म्हणाला.

हा आत्मविश्वास फुकटात आला नाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे जागीच गेले. परुळेकरांना जिल्ह्याबाहेर हद्दपार केलं. तरी पुढच्या वर्षी जंगलातल्या कामाच्या मजुरीवरून मोठा संप झाला. वेठ आणि लग्नगडी मात्र परत आले नाहीत. एकदा उठलेली माणसं खाली बसली नाहीत.

इथे ट्रेनिंगवाल्यांचं वाक्य उलटं होतं. आधी चांगलं दिसले आणि मग चांगलं वाटलं असं झालं नाही. आधी 'नाही' म्हणता आलं, मग मजुरी हातात आली, आणि त्या मजुरीतून कधीतरी पुढे सदरा आला.

पण थांबा, लगेच 'कपड्यात काय आहे' या सुविचारावर उडी मारू नका. कारण त्याच्या अठरा वर्षं आधी, याच कोकणपट्टीच्या दुसऱ्या टोकाला, अगदी उलट्या क्रमाने हीच गोष्ट घडली होती.

डिसेंबर १९२७, महाड. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची दुसरी परिषद. २५ तारखेला मनुस्मृती जाळली ते आपल्याला शाळेत शिकवतात. पण २७ तारखेला बाबासाहेब आंबेडकरांनी परिषदेला आलेल्या बायकांसमोर वेगळं भाषण केलं, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: तुमच्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ती ओळख पुसून टाका. लुगडं पायापर्यंत नेसा. गळ्यात आणि हातात कथलाचे, चांदीचे दागिने कोपरापर्यंत भरू नका. कापड फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. आणि बायकांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतलं. परिषदेत आलेल्या सवर्ण घरच्या बायकांनी नेसणं दाखवलं आणि त्या नव्या पद्धतीने नेसून घरी परतल्या.

वरवर बघितलं तर हेसुद्धा ग्रूमिंगचंच ट्रेनिंग. पण किती फरक! गुडघ्यावरचं लुगडं ही त्या बायकांची आवड नव्हती, ती पट्टी होती, लांबून ओळखता यावं म्हणून लावलेली. कोणी कसं दिसायचं हे दुसऱ्यांनी ठरवून दिलं होतं. त्यामुळे लुगडं चार बोटं खाली ओढणं हे तळ्याचं पाणी पिण्याइतकंच मोठं काम होतं. इथे कपडा आधी आला आणि मान नंतर वर झाली. बाबासाहेब स्वतः थ्री-पीस सुटात का वावरायचे याचं उत्तरही यातच आहे.

आणि यात गांधीजींना ठेवून बघा. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी अंगावरचे बाकीचे कपडे उतरवले आणि पंचा धरला. एकाने सूट चढवला, दुसऱ्याने पंचा धरला. दोघांचा आत्मविश्वास वाढलाच. कारण गांधीजींकडे सूट होता आणि तो त्यांनी सोडला. बाबासाहेबांना सूट नाकारलेला होता आणि तो त्यांनी घेतला. वारल्याच्या कमरेची लंगोटी आणि गांधीजींचा पंचा यांच्या लांबीत फार फरक नसेल, पण एक निवडलेला होता आणि दुसरी वाट्याला आलेली. सगळा खेळ तिथेच आहे.

याची उलटी बाजू बघायची असेल तर आपल्या मराठी पांढरपेशा घरांतच बघा. दिसण्याचा आणि मनाचा संबंध आहे हे आपल्या पूर्वजांना छान माहीत होतं, म्हणून तर विधवेचं केशवपन करायचे. डोकं भादरायचं, लाल आलवण नेसवायचं, कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. आरशासमोर उभं राहायचं कारणच उरू द्यायचं नाही, म्हणजे मनही उभं राहणार नाही. ग्रूमिंगचाच सिद्धांत, फक्त उलटा लावलेला. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र आली आणि आम्ही विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं ठरवलं. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांचे पहिले पुढारी, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले. धंदा बुडवून दुसऱ्याच्या केसांसाठी संप! सलूनमध्ये बसल्यावर कधीतरी या माणसांची आठवण काढावी.

आणि हे सगळं चालू असताना, ज्यांना 'रानटी' म्हणून हिणवलं जायचं त्या वारल्यांच्यात विधवा खुशाल दुसरा घरोबा करायची. समाजाने त्याला मान्यता दिलेली होती. के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं मोठं पुस्तक १९४५ मध्येच, म्हणजे झरीच्याच वर्षी आलं. त्यात या चालीरीती तपशिलाने आहेत. तेव्हा नक्की मागासलेलं कोण हे ज्याचं त्याने ठरवावं.

असो. परत गंजाडला येऊ.

जिव्या मशे यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. सातेक वर्षांचे असताना आई गेली आणि त्या धक्क्याने हा पोरगा कित्येक वर्षं बोललाच नाही. काही सांगायचं असलं की धुळीत चित्र काढून दाखवायचा. पुढे चौक लिहायचं बायकांचं काम त्याने हातात घेतलं. पुरुष असून! सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी या भागात फिरत होते, त्यांच्या नजरेला हा हात पडला. भिंतीला कागद मिळाला. त्या चित्रांतल्या माणसांना चेहरे नाहीत आणि कपडे नाहीत, पण एकजण तरी तुम्हाला मान खाली घातलेला दिसतो का बघा. तारप्याभोवती गोल धरून नाचतायत, मासे मारतायत, भात लावतायत, सगळे कसे झोकात! दिसायला काहीही नसताना माणूस रुबाबात कसा दाखवायचा, तर कंबर बारीक, छाती रुंद आणि पाऊल उचललेलं. दोन त्रिकोणांत बसवलेला रुबाब.

आता ही चित्रं आपल्या अंगावर आली आहेत. आमच्या ऑफिसात 'एथनिक डे' असला की निदान चारजण वारली प्रिंटचे कुडते घालून येतात. छान दिसतात, खोटं कशाला बोला. आणि आपण एकदम 'मातीशी जोडलेले' वगैरे वाटतो. माझ्याकडेही एक आहे, आणि मी तो घालणार आहे. फक्त तो घालताना एवढं आठवावं की ज्यांच्या भिंतीवरून ही नक्षी उचलली त्यांच्या आजोबांना अंगभर कापडासाठी जन्म गहाण टाकावा लागत होता.

खरी गंमत पुढेच आहे. आपल्यासारखी मंडळी वीकांताला डहाणूला जातात. रिसॉर्टवर संध्याकाळी तारपा नाच ठेवलेला असतो. नाचणारी पोरं 'पारंपरिक वेशात' हवी असतात, फोटो चांगला येतो ना! आणि सकाळी तीच पोरं जीन्स, केसांना लालसर रंग, कानात हेडफोन अशी मोटारसायकलवरून गेली की गाडीतून उसासा ऐकू येतो: संस्कृती बुडाली हो यांची.

आपण स्वतः शुक्रवारी टी-शर्टात, शनिवारी शॉर्ट्समध्ये आणि एथनिक डेला त्यांच्या कुडत्यात. आणि त्यांनी मात्र लंगोटीत राहायचं? का? जीन्स घालणारा गंजाडचा पोरगा संस्कृती बुडवत नाहीये. १९४५ ला झरीत जे सुरू झालं ते तो पुढे नेतोय. कसं दिसायचं हे जमीनदाराने ठरवायचं नाही आणि फोटो काढणाऱ्यानेही नाही. उद्या त्याला वाटलं तर तो लंगोटी लावून नाचेल आणि झक्कास नाचेल. ठरवायचं त्याने.

चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू होते, पंधरा दिवस चालते. चारोटीजवळ हायवेवरून ते देऊळ दिसतं. एकदा त्या दिवसांत जाऊन या. बांगड्यांची दुकानं, कंगवे, रिबिनी, गॉगल, पावडरचे डबे. पाड्यांवरून आलेल्या पोरी दुकानातल्या छोट्या आरशात बघून कानातलं लावून बघतात आणि एकमेकींना विचारतात. तिथे कोणी स्लाइड दाखवत नाही, पण ग्रूमिंगबद्दल सांगण्यासारखं सगळं तिथे दिसतं. आपल्या पैशाचं, आपल्या आवडीचं, मैत्रिणीला विचारून घेतलेलं.

मग आपल्यासाठी यातून काय? मला स्वतःला एवढंच कळलं, की आरशासमोर उभं राहण्यात कमीपणा काहीच नाही. केस विंचरा, दाढी करा, चांगला शर्ट घ्या, मूड खराब असला तर आंघोळ करून इस्त्रीचं काहीतरी घाला. उपयोग होतो. फक्त अधूनमधून दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे मी माझ्यासाठी ठरवलंय का, की कोणीतरी मला आधी कमी लेखलं आणि मग ती कमी भरून काढायचं क्रीम विकलं? गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती आठवा. काळी मुलगी उदास, ट्यूब लावली, गोरी झाली, नोकरी मिळाली. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या त्यातल्या सर्वात प्रसिद्ध क्रीमला २०२० मध्ये नाव बदलावं लागलं. ट्यूब अजून विकली जातेच.

आणि दुसरा प्रश्न: या दिसण्याचं बिल कोणाच्या वहीत लिहिलं जातंय? ईएमआयवर घेतलेल्या घड्याळाची तुलना लग्नगड्याशी मी करणार नाही, तो त्या माणसांचा अपमान होईल. पण उसना रुबाब आणि स्वतःचा रुबाब यांतला फरक त्यांनी आपल्यासाठी फार मोठी किंमत मोजून दाखवलाय. बाशिंगाने एक दिवसाचं राजेपण दिलं आणि जन्म घेतला. बारा आण्यांनी नुसती मजुरी दिली, पण ती स्वतः मागून घेतलेली होती. त्या बारा आण्यांतून आलेला सदरा जाडाभरडा असला तरी अंगाला नीट बसला असणार.

आणि फणी? ती अजून चौकात आहे, सूर्य-चंद्राच्या शेजारी. तिच्यासाठी कोणाचं कर्ज काढावं लागत नाही.